उजवीकडची जागा

इटलीत भाड्याची गाडी घेतली, तेव्हा हे जुन्या सवयीने उजवीकडचं दार उघडून आत बसले. जन्मभर आमची गाडी यांनीच चालवली. काचबिंदूने नजर विझत आली, तशी गाडी माझ्याकडे आली आणि हे डावीकडे बसू लागले. इथे मात्र स्टिअरिंगच डावीकडे. यांचे हात क्षणभर पुढे झाले, काही सापडलं नाही, तसे मांडीवर परतले.

"बरं झालं, माझी जागा मला मिळाली," हे म्हणाले.

डोंगरावरच्या गावांचा रस्ता आपल्या घाटासारखाच वळणांचा. दगडी घरं, द्राक्षांचे मळे, मी सांगत होते आणि हे मान डोलावत होते. उतार लागला. पाहते तर प्रत्येक वळणाआधी यांचा उजवा पाय खालची मॅट दाबत होता. डोळ्यांना न दिसणारं वळण अंगाला बरोबर कळत होतं. हातातून सुटलेलं काम अंगातून कधी जातं, कोण जाणे.

मग तो पाय दाबला गेला, की मीही ब्रेक दाबू लागले.

खालच्या गावात गाडी थांबली. हे समाधानाने म्हणाले, "ब्रेक चांगले आहेत गाडीचे."