आरशाखालचा मोबाइल

"मान हलवू नका साहेब, बुडबुडा मधी येऊन राहिला."

लातुरात औसा रस्त्यालगतच्या एका केशकर्तनालयात, टाळूवर मोबाइल आडवा ठेवलेल्या अवस्थेत, हे वाक्य मी अनेक वर्षे ऐकले. गवंडी भिंतीची पातळी पाहण्यासाठी जी पाणसळ वापरतो, ती आपण सर्वांनी पाहिली असेल. तीच आता मोबाइलच्या ॲपमध्ये फुकट मिळते. सामान्य माणूस तिच्यावरून फडताळ सरळ आहे की नाही हे ठरवतो. या दुकानाचा कारागीर माझे कल्ले ठरवीत असे. मोबाइल माझ्या डोक्यावर ठेवून तो दोन पावले मागे जाई, टाचा उंचावून पडद्यावरचा हिरवा बुडबुडा पाही, आणि तो मध्यावर स्थिर झाल्याखेरीज कात्रीला हात लावीत नसे.

मी दिवाणी न्यायालयातून अधीक्षक म्हणून निवृत्त झालो आहे. डोक्यावर यंत्र घेऊन भर बाजारात बसणे माझ्या वयास व पदास शोभणारे नाही, असे मी त्यास स्पष्ट शब्दांत बजावले होते. त्यावर त्याने इतकेच विचारले, "तुमच्याबी मोबाइलमधी टाकून ठेवू का साहेब? फुकट हाय."

'फुकट हाय, टाकून ठेवा' हे त्याचे ब्रीद होते. तो मूळचा देगलूरचा. मराठी बोलता बोलता तेलुगूत हिशेब करी आणि उर्दूत उसासे टाकी. खुर्चीत बसलेल्या माणसाचे केस कसे कापावेत याआधी त्याच्या मोबाइलमध्ये काय कमी आहे, हे तो पाही. एका आजोबांना औषधाच्या पाकिटावरची बारीक अक्षरे दिसत नव्हती, त्यांना त्याने भिंगाचे ॲप दिले. एका मास्तरांना गोळी घेण्याची वेळ झाली की कोंबड्यासारखे आरवणारे ॲप दिले. मास्तर ते वर्गात घेऊन गेले आणि सबंध वर्ग रोज साडेअकराला मास्तरांच्या रक्तदाबाची काळजी वाहू लागला. मला त्याने कागदाचा फोटो काढून त्याची स्वच्छ प्रत बनवणारे ॲप दिले. माझा पत्रव्यवहार महापालिका, वीज कार्यालय, बस आगार आणि दोन मंत्रालयीन विभाग यांच्याशी अखंड चालू असल्यामुळे ते मला फार उपयोगी पडले, हे मी प्रामाणिकपणे नमूद करतो. वाचकांनीही ते जरूर घ्यावे.

फुकट ॲपला जाहिराती असतात, हे मात्र तो कोणास आधी सांगत नसे. डोक्यावरची पाणसळ मध्येच बंद पडे आणि तिच्या जागी एक बाई रमी खेळण्याचे आमंत्रण देऊ लागे. एकदा माझी अर्धी मिशी कातरून झाली असता ती बाई आली. मी म्हणालो, ती काढून टाका. तो म्हणाला, "फुकटचं घेतलं साहेब, तर जाहिरात तरी बघावी मानसानं." तो खरोखर ती शेवटपर्यंत पाहत असे. मीही पाहिली. अर्ध्या मिशीने माणूस दुसरीकडे कोठे जाणार?

मुरुडच्या दोन भावांची हकीकत सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. वाटणीच्या दाव्यात हे दोघे नऊ वर्षे आमच्या न्यायालयाच्या पायऱ्या चढले होते. त्यांच्या दाव्याचे बाड मी या हातांनी शिवले आहे. हा इसम दोघांची दाढी करी, अर्थात वेगवेगळ्या दिवशी. शेताच्या कडेने चालत गेले की क्षेत्रफळ सांगणारे एक ॲप असते. ते त्याने दोघांच्याही मोबाइलमध्ये टाकून दिले. दोघेही आपापल्या तुकड्याभोवती फिरले. थोरल्याला त्याच्या मागणीपेक्षा तीन गुंठे जास्त मिळाले, धाकट्याला चार. दोघांची बेरीज मूळ सातबाऱ्यापेक्षा अधिक भरत होती. हे कायद्याने, गणिताने आणि भूगोलानेही अशक्य आहे, असे मी त्यास खुर्चीतून अर्धा उठून सांगितले.

"जमीन वाढली म्हना की साहेब," तो शांतपणे म्हणाला. "भांडन तर मिटलं."

भावांनी तडजोड दाखल केली. त्याच महिन्यात मी भूमी अभिलेख खात्यास चार पानी पत्र लिहिले. उत्तर आले नाही.

माझ्या घरासमोर एक मंगल कार्यालय आहे. तेथील ध्वनिक्षेपकाविरुद्ध मी एकोणीस तक्रारअर्ज केले होते. "नुसतं कागदावर मोठा आवाज लिवून काय व्हनार?" असे म्हणून त्याने मला आवाज मोजण्याचे ॲप दिले. ते त्याच्या स्वतःच्या मोबाइलमध्ये नेहमी चालू असे. का, हे तेव्हा मला विचारावेसे वाटले नाही. एका लग्नाच्या दिवशी मी खिडकीत उभा राहून नोंद घेतली, अठ्ठ्याहत्तर डेसिबल, आणि तडक पोलीस ठाण्यात गेलो. तेथील तरुण अधिकाऱ्यापुढे मोबाइल चालूच ठेवून मी नागरिकांचे हक्क, प्रशासनाची उदासीनता आणि बँडवाल्यांची मनोवृत्ती यांचे विवेचन केले. तो मान खाली घालून ऐकत होता. माझे संपल्यावर त्याने मोबाइल माझ्याकडे फिरवला. पडद्यावर चौऱ्याण्णव आकडा होता.

"काका," तो म्हणाला, "बँड लई बरा की."

मी रागाने केशकर्तनालयात आलो आणि मोबाइल त्याच्यापुढे आपटला. तो हसला नाही. मोबाइल पुसून माझ्या हातात देत म्हणाला, "फुकटचं हाय साहेब, पन खोटं बोलत न्हाई."

मी त्याच्याकडे जाणे सोडले नाही. दर रविवारी व गुरुवारी सकाळी माझी दाढी तोच करी. त्या एका खुर्चीत बसून मी शहराच्या कारभाराविषयी मोकळेपणाने बोलत असे. तो फारसे बोलत नसला तरी त्याचे एकही उत्तर कधी प्रश्न सोडून गेले नाही. "आरशाकडं बघून बोला साहेब," एवढी एक सूचना तो वरचेवर करी. ती मी वस्तऱ्याच्या सोयीसाठी आहे असे समजत होतो.

आणि एका रविवारी मला आरशाखालचा मोबाइल दिसला. पावडरीचा डबा आणि तुरटी यांच्यामध्ये तो तिरका उभा केलेला होता. त्यावर अक्षरे धावत होती. पाणीपुरवठ्याच्या अभियंत्याविषयी मी त्या क्षणी जे काही म्हणत होतो, ते सर्व, विशेषणांसह, देवनागरीत उमटत होते. मी थांबलो. अक्षरेही थांबली.

सदतीस वर्षे न्यायालयात घालवलेल्या माणसाला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. ग्राहकाचे खाजगी संभाषण, त्याच्या संमतीविना, लेखी स्वरूपात घेतले जात होते. मी दाढी पुरी करून घेतली, घरी आलो आणि नोटीस लिहावयास बसलो. सदर उपकरण सात दिवसांत हटविण्यात यावे, अन्यथा दिवाणी व फौजदारी कारवाई करण्यात येईल व होणाऱ्या परिणामांस आपण जबाबदार राहाल. केशकर्तनालय माझ्या घरापासून दोनशे पावलांवर आहे. तरीही नोटीस ही नोटीस असते. ती मी पोचपावतीसह रजिस्टर टपालाने पाठवली. जवळ ठेवावयाची प्रत त्यानेच दिलेल्या ॲपवर काढली.

टपालाचा वेग मी विचारात घेतला नव्हता. गुरुवारी सकाळी माझ्या गालांना साबण लागलेला असताना पोस्टमन दारात आला. कारागिराने हात पुसले, सही केली, पाकीट फोडले आणि उभ्याउभ्याच वाचू लागला. वस्तरा त्याच्या उजव्या हातात उघडा होता. आपल्यापैकी कोणी आपल्याच नोटिशीची बजावणी अशा स्थितीत पाहिली आहे काय? मी पाहिली. दोन्ही पाने वाचून त्याने घडी घातली, मोबाइल उचलून खणात ठेवला, खण लावला आणि माझी हनुवटी वर केली. त्या दिवसाइतकी स्वच्छ दाढी माझी कधी झाली नव्हती.

नोटिशीची इतकी तत्पर अंमलबजावणी माझ्या आयुष्यात प्रथमच झाली होती. मला समाधान वाटले. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत त्या दुकानात कोणाला कोणते ॲप मिळाले नाही. मी बोललो तरी तो नुसती मान हलवी. काही वेळा होकारार्थी, जेथे नकार हवा होता. बाकावर बसणारी माणसे कमी होत गेली. ती पुढच्या चौकातल्या वातानुकूलित सलूनमध्ये जात आहेत, हे मी पाहत होतो. त्याचा माझ्याशी संबंध आहे, असे मला वाटले नाही.

एका दुपारी त्याची बायको आमच्या फाटकाशी आली. माझी नोटीस तिने प्लास्टिकच्या पिशवीत, रेशनकार्ड ठेवावे तशी ठेवली होती. बसा म्हटले तरी ती बसली नाही.

"साहेब, ह्या कागदाला उलटा कागद असतो का?"

म्हणजे काय, असे मी विचारले.

"म्हंजे हा कागद लिवलाच न्हवता, असा कागद."

मग तिने हळूहळू सांगितले. दोन वर्षांपासून त्याचे दोन्ही कान गेले होते. कानात यंत्र घालावे तर गिऱ्हाइकाला दिसते. आणि ऐकू न येणाऱ्या माणसाच्या वस्तऱ्याखाली गळा कोण देईल? तेव्हा त्याने बोललेले लिहून दाखवणारे ते फुकटचे ॲप शोधले आणि आरशाखाली ठेवले. आकडा हलला की गिऱ्हाईक बोलू लागले, हे त्याला आवाजाच्या ॲपवरून कळे. मग तो अक्षरे वाची.

"लिवलेलं ठिवत न्हाईत साहेब, सारं पुसून जातं. कोर्टाचा कागद आला म्हून चार दिस जेवले न्हाईत. महिनाअखेरीला दुकान सोडायचं म्हनून राहिले."

"ही न्यायालयाची नोटीस नाही. ती मी लिहिली आहे," मी म्हणालो.

"तुमी आन् कोर्ट, आमाला येकच की," ती म्हणाली. जाताना तिने बजावले की, ती येऊन गेल्याचे आणि मला कानांचे कळल्याचे त्याला समजता कामा नये.

महिनाअखेरीस बारा दिवस होते. मी त्याच सायंकाळी मसुदा लिहिण्यास बसलो. 'सदर नोटीस मागे घेण्यात येत आहे' असे लिहिले, तर त्यात उपकाराचा वास येऊ लागला. कारणे द्यावीत तर त्याचे गुपित कागदावर येत होते. कारणांविना माघार घ्यावी तर तो मागचा अर्थ शोधीत बसला असता. मी शेकडो पत्रे लिहिली होती; त्यांतले एकही परत घेतलेले नव्हते आणि त्याचा नमुना माझ्याजवळ नव्हता. नवव्या दिवशी दोन ओळी उरल्या. 'मी पाठविलेली नोटीस चुकीची होती. आपला मोबाइल आरशाखाली ठेवावा, ही विनंती.'

पत्नी म्हणाली, चपला घाला आणि देऊन या. मी तिला समजावले की, टपालाने बजावलेली नोटीस टपालानेच मागे घ्यावी लागते; शिवाय कोर्टाचा वाटणारा कागद त्याच वाटेने गेला तरच त्याला खरा वाटेल. तिने माझ्याकडे पाहिले आणि ती आत गेली. मी पाकीट रजिस्टर करून आलो. मध्ये रविवार होता. मसुदा लिहावयास घेतल्यापासून मी दाढीला गेलो नव्हतो; त्या रविवारीही गेलो नाही. पत्र पोचण्याआधी त्याच्यासमोर बसण्याचे धैर्य मला झाले नाही.

पाकीट पाचव्या दिवशी माझ्याच दारात आले. त्यावर लाल शाईत लिहिले होते, 'गाव सोडून गेले. पाठविणाऱ्यास परत.'

मग मात्र मी दोनशे पावले चाललो. दुकान बंद होते. शेजारच्या शिंप्याने सांगितले की, सामान टेम्पोत घालून नवरा-बायको देगलूरकडे गेली. पत्ता कोणालाच दिला नाही. "लोक म्हनत व्हते, हा माजला, आता बोलत बी न्हाई," शिंपी म्हणाला. त्याचा मोबाइल क्रमांक मी कधी घेतलाच नव्हता. ज्याच्या पुढ्यात आठवड्यातून दोनदा मान देऊन बसायचे, त्याचा क्रमांक कशाला लागतो?

ते पाकीट माझ्या टेबलावर आहे. परत आलेले रजिस्टर पाकीट न्यायालयात न फोडता दाखल करावयाचे असते. फोडले की त्याचे पुराव्याचे मोल जाते. हे मी कनिष्ठ लिपिकांना सदतीस वर्षे शिकवले. ते कोणापुढे दाखल करावयाचे, एवढे मला अद्याप ठरविता आलेले नाही. तोवर ते मी बंदच ठेवले आहे.