साडेतीनचा सूर्यास्त

विमानतळाबाहेर पडलो तेव्हा दुपारचा एक वाजला होता आणि सूर्य समोरच्या इमारतींच्या जेमतेम वर होता. सूर्य एवढा खाली आला की कोल्हापुरात दुकानात दिवे लावायची वेळ होते. बायकोनं आधी तिकडं बघितलं, मग माझ्याकडं. ती काय विचारणार ते मला कळलं होतं. तेवढ्यात मित्रानं मोठ्यानं हाक मारली, गळाभेट झाली आणि ते विचारायचं राहूनच गेलं.

मित्र मूळचा मुरगूडकडचा. हॉस्टेलला तीन वर्षं आम्ही एका खोलीत राहिलो. तीस वर्षांपूर्वी तो नोकरीसाठी स्कॉटलंडला आला आणि इथलाच झाला. त्याची बायको कोल्हापुरातलीच. गावी आला की तो आमच्याकडं जेवल्याशिवाय परत जायचा नाही. या डिसेंबरात त्याला साठ वर्षं पूर्ण होत होती. "आता तरी या की रं," म्हणून तो वर्षभर मागं लागला होता. राजारामपुरीतलं आमचं पंपांचं दुकान सोडून आम्ही नवराबायको चार दिवसांच्या वर कुठं गेलो नव्हतो. परदेश तर पहिल्यांदाच.

आम्ही जैन. रात्रीचं न जेवण्याचा नियम मी घरी पाळतो आणि बाहेर गेलो की सोयीनं विसरतो. बायकोचं तसं नाही. बावीस वर्षांपूर्वी एका चातुर्मासात तिनं महाराजांपुढं नियम घेतला, की सूर्यास्तानंतर सूर्योदयापर्यंत अन्न घ्यायचं नाही. पाणी तेवढं चालायचं. लग्नकार्यात, प्रवासात, अगदी भावाच्या आजारपणात दवाखान्यात बसून राहतानाही तिनं तो मोडला नाही. सहा वर्षांपूर्वी तिला साखरेचं दुखणं लागलं. डॉक्टरांनी गोळ्या त्याच हिशेबानं बसवून दिल्या. एक सकाळच्या खाण्याला, एक संध्याकाळच्या जेवणाला.

निघण्याआधी आम्ही व्हिसा बघितला, विमा बघितला, लोकरीचे मोजे घेतले. तिकडं सूर्य किती वाजता मावळतो, हे बघायचं मात्र कुणालाच सुचलं नाही.

गाडीनं उत्तरेकडं तीन तास जायचं होतं. विमानातलं काही तिनं खाल्लं नव्हतं. सकाळी उजाडल्यावर घरच्या दशम्या खाल्ल्या होत्या, तेवढ्यावरच ती होती. मित्र गाडी चालवता चालवता म्हणाला, "घरी गेलं की गरमागरम जेवायचं. तिनं सकाळपास्नं सैपाक लावलाय. कांदा न्हाय, लसूण न्हाय, बटाटा न्हाय. काळजी करू नका, वहिनी."

"कशाला त्रास घेतला," ती मागून म्हणाली.

रस्त्याच्या डाव्या बाजूला सूर्य मेंढरांच्या कुरणांवरून आमच्याबरोबर चालला होता, आणि दर दहा मिनिटांनी तो आणखी खाली गेलेला असायचा. गाडी जरा थांबव, हिला काहीतरी खाऊ दे, एवढंच म्हणायचं होतं. पण आल्या आल्या आपली पथ्यं सांगत सुटायचं मला जिवावर आलं. तिलाही तसंच वाटलं असणार. साडेतीनला सूर्य गेला. मी मागं वळून बघितलं तर ती खिडकीला डोकं टेकून डोळे मिटून बसली होती.

घरी टेबलावर ताटं मांडलेली होती. मुगाची आमटी, दोडक्याची भाजी, वाटीत तूप. मित्राची बायको तव्यावर ज्वारीची भाकरी टाकत होती. ते पीठ तिनं कुठल्याशा लांबच्या शहरातून मागवलं होतं.

"वहिनी, बसा की."

"भावजी, मला नको. दिवस मावळला."

मित्र हसला. त्याला चेष्टा वाटली. "अहो, हितं साडेतीनलाच मावळतोय त्यो! साडेतीनला कोण जेवतंय व्हय?"

बायकोनं ताट हळूच बाजूला सारलं, तेव्हा त्याच्या लक्षात आलं. त्याच्या बायकोनं शेगडी बंद केली. "माझी आई शेजारच्या जैन काकूंच्या घरी पाचला डबा द्यायची. मला कळायला पाहिजे होतं," ती हळू आवाजात म्हणाली. ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. मी जेवायला बसलो. बायको शेजारी बसून पाणी पीत राहिली आणि भाकरी किती छान फुगली म्हणत राहिली.

दुसऱ्या दिवशी मित्र सहालाच कामावर गेला. त्याची बायको एका शाळेत काम करायची, तीही साडेसातला गेली. आम्हा दोघांसाठी तिनं सगळं काढून, झाकून ठेवलं होतं. बायको आता सावध झाली होती. तिनं मोबाइलवर सूर्याच्या वेळा काढल्या. पावणेनऊला उगवतो, साडेतीनला मावळतो. नऊला खाल्लं, गोळी घेतली. अडीचला जेवली, दुसरी गोळी घेतली. मी म्हटलं, "ही गोळी आत्ता घ्यायची का?"

"जेवणाबरोबर घ्यायची म्हणून सांगितलंय न्हवं का?"

बरोबर होतं. कोल्हापुरात ती गोळी घेतल्यावर बारा-तेरा तासांत पुन्हा खाणं व्हायचं. इथं अठरा तास जाणार होते. मनात ते आलं होतं, नाही असं नाही. पण तिनं ठामपणे सांगितलं आणि मी ते तिथंच सोडलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता मी आंघोळ करून खाली आलो. बाहेर अजून काळोख होता, मित्र आणि त्याची बायको कामावर गेली होती. ती रोजच्यासारखी जपाला बसली होती, सोफ्याच्या कडेला. माळ खाली पडलेली. मी ती उचलून द्यायला गेलो तर तिचा हात ओला लागला. त्या थंडीत तिच्या कपाळावरून घाम ओघळत होता, मानेवरचे केस चिकटले होते.

"काय होतंय गं?"

तिनं माझ्याकडं बघितलं, पण ओळख नव्हती. "अव्वा, एल्ली होगिद्दी?" ती म्हणाली. तिचं माहेर सीमेपलीकडचं. लग्नाला पस्तीस वर्षं झाली, माझ्याशी ती कधी कानडीत बोलली नव्हती. ती आईला विचारत होती, कुठं गेली होतीस म्हणून.

साखर उतरली होती. डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं, असं झालं तर लगेच गोड द्या. मी स्वयंपाकघरात धावलो. मित्रालाही साखरेचाच त्रास, म्हणून घरात साखरेचा डबाच नव्हता. आम्ही नेलेले लाडू आदल्या दिवशीच त्याच्या बायकोनं हौसेनं शेजारी आणि शाळेत वाटून टाकले होते. एकेक बरणी उघडून चाखत गेलो. मीठ, पीठ, कसलीशी पांढरी पावडर. मित्राला फोन लावला, लागला नाही. कपाटाच्या वरच्या फळीवर, खोकल्याच्या औषधाशेजारी, मधाची बाटली होती.

मध आमच्यात लहानपणापासून वर्ज्य. तिनं जन्मात तोंडात घातला नव्हता. शिवाय सूर्य उगवायला अजून पाऊण तास होता. बाटली हातात घेऊन मी तिथं किती वेळ उभा राहिलो ते मला सांगता येत नाही. दोन-चार क्षण असतील. पण थांबलो होतो हे खरं, आणि त्याची मला आजही भीती वाटते.

कोमट पाण्यात मध कालवला आणि चमच्याचमच्यानं तिच्या तोंडात घालत राहिलो. निम्मा हनुवटीवरून सांडला. मी तिला नावानं हाका मारत होतो. दहा-बारा मिनिटांनी तिनं माझं मनगट धरलं आणि चमचा बाजूला सारला.

"उजाडलं?"

"नाही अजून."

तिनं ओठांवरून जीभ फिरवली. "साखर न्हवं ही."

"नाही. घरात साखरच नाही. मध होता."

तिनं पदरानं हनुवटी पुसली. मग म्हणाली, "मला विचारलं का न्हाई?"

"विचारलं होतं. तू अव्वाला शोधत होतीस."

ती रडेल असं मला वाटलं. ती उठली, भिंतीला धरून धरून गेली, चूळ भरून आली आणि खिडकीपाशी बसली. मी दूध पुढं केलं, तिनं मान हलवली. "औषध झालं ते. आता उजाडल्यावर." तो अर्धा तास मी तिच्यासमोर स्टुलावर बसून काढला. दर मिनिटाला काहीतरी विचारायचो, दुकानाच्या मागं काय आहे, धाकट्या नणंदेचं गाव कोणतं, आणि उत्तर बरोबर येतं का बघायचो. चौथ्या प्रश्नाला ती चिडली, तेव्हा मला जरा धीर आला. पावणेनऊला ढगच होते, सूर्य काही दिसला नाही. मोबाइल बघून ती जेवली.

कोल्हापूरच्या डॉक्टरांना फोन लावला, ते दुपारचे झोपले होते. तिकडच्या पाच वाजता भेटले. सगळं ऐकून ओरडलेच, "अठरा तास पोट रिकामं, आणि वर गोळी? मला विचारायचं तरी!" संध्याकाळची गोळी त्यांनी परत येईपर्यंत बंद केली, आणि दिवसातून चार वेळा साखर तपासून कळवायला सांगितलं.

संध्याकाळी मित्राला सांगितलं तेव्हा तो खुर्चीत बसूनच राहिला. त्याच्या बायकोनं दुसऱ्या दिवसापासून सुट्टी टाकली. साठीची पार्टी शनिवारी संध्याकाळी सातला ठरली होती. मित्रानं एकेकाला फोन करून ती दुपारी एकला आणली. गोऱ्या शेजाऱ्यांनी कारण विचारलं तर तो आपल्या ठसक्यात इंग्रजीत सांगत होता, "माझ्या वहिनीचा सूर्याशी करार आहे." बायको लाजली, पण पोटभर जेवली.

मला मात्र त्या घरात शेवटपर्यंत स्वस्थ वाटलं नाही. ती आंघोळीला गेली की मी दाराबाहेर घुटमळायचो. फिरायला गेलो की तिचा हात धरून चालायचो, घामेजलाय का ते चाचपत. बाहेर अंधार पडला की मी घड्याळ बघायला लागायचो.

"बरी हाय म्हटलं की," ती म्हणायची. "सारखं काय विचारताय?"

मी "बरं" म्हणायचो आणि पाच मिनिटांनी पुन्हा विचारायचो.