नापास झालेल्या तीनशे पेट्या

हत्यारांची पेटी चांगली की वाईट हे अलका गुळवणींना नुसता हात ठेवला तरी कळतं, असं ऑफिसात लोक म्हणत. अलकाताईंना ते आवडत नसे. हात ठेवून काही कळत नाही, तपासावं लागतं, असं त्या म्हणायच्या.

त्यांचे वडील इचलकरंजीत मागाच्या कारखान्यात फिटर होते. मुलीनं मेकॅनिकलचा डिप्लोमा केला आणि एक्क्याऐंशी साली ती दिल्लीला, केंद्र सरकारच्या खरेदीमालाची तपासणी करणाऱ्या कार्यालयात लागली. सरकारी गॅरेजांसाठी येणारी हत्यारं, जॅक आणि मेकॅनिकांच्या खणाखणांच्या पेट्या हे तिचं काम. वडील गेल्यावर आई आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायला आली. लग्नाचं आधी राहून गेलं, मग कुणी विषय काढेनासं झालं. मायलेकी सव्वीस वर्षं त्या दोन खोल्यांत राहिल्या. आई गेली आणि तीन वर्षांनी अलकाताई निवृत्त झाल्या. क्वार्टर सोडावं लागलं. फरिदाबादला तिसऱ्या मजल्यावर एक लहानसा फ्लॅट त्यांनी घेतला.

तिथं शेजार वाईट नव्हता. जिन्यात भेटल्यावर सगळे "नमस्ते आंटी" म्हणत. पण दिवसचे दिवस तेवढंच बोलणं व्हायचं. मराठी तर कुणाशीच नाही. एकदा स्वयंपाकघराच्या दाराची कडी घासायला त्यांना कानस हवी होती, आणि तो शब्दच आठवेना. हिंदीतलं रेती आठवलं, इंग्रजी फाईल आठवलं. वडिलांच्या हातात रोज असायची ती वस्तू, आणि तिचं नाव दुपारी कपडे वाळत घालताना आठवलं. त्या गॅलरीतच मोठ्यानं म्हणाल्या, "कानस." खालून जाणाऱ्या एका बाईनं वर पाहिलं.

दोन वर्षांपूर्वीच्या नोव्हेंबरात त्यांच्या स्कूटरची क्लचची तार तुटली. ढकलत ढकलत त्या रेल्वे फाटकाजवळच्या एका गॅरेजपर्यंत आल्या. गॅरेज म्हणजे पत्र्याची शेड. मालकाचं नाव इक्बाल, वय पन्नाशीचं. त्यानं स्टूल पुढे केलं आणि तार काढायला बसला. अलकाताईंची नजर त्याच्या मागच्या पेटीवर गेली. सात खणांची, जाड पायांची, मूळचा हिरवा रंग काळपट झालेली.

त्या उठल्या. पेटीचं वरचं झाकण उघडलं आणि आतल्या मागच्या कोपऱ्यावरचं ग्रीस अंगठ्यानं पुसलं. खाली ठोकून उमटवलेली खूण होती. आर आणि सतरा. आर म्हणजे नापास. सतरा हा त्यांचा स्वतःचा नंबर.

"काय बघताय मॅडम?" इक्बालनं विचारलं.

"ही पेटी कुठून आणलीत?"

"ज्यांच्याकडे काम शिकलो त्या उस्तादांनी घेतलेली. तीस वर्षं झाली असतील. सरकारनं रिजेक्ट केलेला माल होता, म्हणून आमच्यासारख्याला मिळाला." तो हसला. "रिजेक्ट करणारा कोण शहाणा होता कुणास ठाऊक. बघा, आजपण एक सांधा हललेला नाही."

अलकाताईंनी खालचा खण ओढून पाहिला. "तळ बदललाय."

"हो, तो तर पहिल्याच वर्षी बसला. पाने ठेवले की पोट खाली यायचं, खण अडकायचा. उस्तादांनी ट्रकच्या फळीचा पत्रा टाकला."

त्या स्टुलावर परत येऊन बसल्या. तार बसवून होईपर्यंत अंगठ्याचं ग्रीस पुसत राहिल्या.

ब्याण्णव सालची गोष्ट. फरिदाबादमधल्याच एका लहान कारखान्यानं तीनशे पेट्या बनवल्या होत्या. जगदीशलाल मेहंदीरत्ता नावाचे मालक, स्वतः हातात वेल्डिंगची कांडी धरणारे. आधी दिलेला नमुना उत्तम होता. चौतीस वर्षांच्या अलकाताई माल पाहायला गेल्या. ढिगातून आपल्या मनानं वीस पेट्या काढल्या. खणांच्या तळाला वीस गेजचा पत्रा ठरला होता, निघाला चोवीसचा. गेजचा आकडा वाढतो तसा पत्रा पातळ होतो. खणात तीस किलो वजन ठेवलं की तळ झुकायचा. वीसपैकी अकरा पेट्यांचे खण अडकले.

मेहंदीरत्ता म्हणाले होते, "मॅडम, पत्रेवाल्यानं फसवलं. रंग चढल्यावर माझ्या लक्षात आलं. बाकीचं काम बघा, कोपरे बघा."

कोपरे त्यांनी पाहिले होते. इतके नेटके कोपरे त्यांच्या पाहण्यात नव्हते. पण तळ पातळ तो पातळच. त्यांनी खूण ठोकली. मेहंदीरत्ता भांडले नाहीत. त्यांनी सदऱ्याच्या बाहीनं त्या पेटीचं झाकण पुसलं आणि हळूच बंद केलं. पुढच्या वर्षी अलकाताई त्याच गल्लीत दुसरीकडे तपासणीला गेल्या तेव्हा शेडला कुलूप होतं.

हे त्यांनी आईलासुद्धा सांगितलं नव्हतं. पण पुढची कितीतरी वर्षं त्या मनातल्या मनात त्या माणसाशी बोलत. कधी समजावत, कधी चिडून, "मग मी काय करायला हवं होतं?" असं विचारत. आई गेल्यानंतर तर हे बोलणं वाढलं होतं.

चार दिवसांनी त्या पुन्हा गॅरेजात गेल्या. स्कूटरला काही झालं नव्हतं. त्यांनी इक्बालला सांगून टाकलं, "ती खूण माझी आहे."

इक्बालनं हातातला पाना खाली ठेवला. "तुमची? मग मी शहाणा वगैरे म्हणालो ते..."

"तळाचं तुम्हीच सांगितलंत. माझी चूक नव्हती."

"बिल्कुल नव्हती," तो म्हणाला. मग जरा थांबून, "मॅडम, मग माझं एक काम करा ना. मला दुसरी पेटी घ्यायची आहे, जागा पुरत नाही. हल्लीच्या त्या लाल चमकणाऱ्या पेट्यांमधलं मला कळत नाही."

रविवारी ते दोघं बाजारात गेले. दुकानात चाकांवरच्या पेट्या ओळीनं उभ्या होत्या. अलकाताईंनी पर्समधून लोहचुंबक, जाड कागदाचा तुकडा आणि चष्मा काढला. कितीतरी दिवसांनी त्यांच्या हालचालींत घाई आली होती.

त्यांनी पहिला खण एका बोटानं ओढला. तो पाण्यावरून आल्यासारखा पूर्ण बाहेर आला. "हे जुन्या पेटीत नव्हतं," त्या म्हणाल्या. "हे छर्र्यांचे, म्हणजे बॉल बेअरिंगचे रूळ आहेत. तेव्हा पत्र्यावर पत्रा घासायचा. ह्या बाबतीत नवी पेटी कधीही सरस, उगीच जुनं ते सोनं म्हणू नका." मग त्यांनी पेटीच्या वरच्या कोपऱ्याला तळहातानं तिरका रेटा दिला. पेटी डुलली. "पण हे बघा. खण रिकामे आहेत तोवर ठीक. भरलेली पेटी ढकलत नेलीत की सांगाडा वाकडा होणार आणि हे गुळगुळीत रूळ अडकणार." कागद खणांच्या फटीतून फिरवला. डावीकडे सहज गेला, उजवीकडे अडकला; फट सारखी नव्हती.

दुकानदार म्हणाला, "मॅडम, पेटी घ्यायची आहे की लग्नासाठी मुलगी बघताय?"

इक्बाल हसला, अलकाताई नाही. शेवटच्या रांगेत एक राखाडी, बिनचमकीची पेटी होती. तिला त्यांनी चारी कोपऱ्यांतून रेटलं, सगळ्यांत खालचा खण पूर्ण उघडून त्याच्या टोकावर दोन्ही हातांनी भार दिला, आतल्या दुमडलेल्या कडेवरून बोट फिरवलं. बोटाला धार लागली नाही. "ही घ्या," त्या म्हणाल्या.

टेम्पोत पेटी चढवताना त्यांनी विचारलं, "तुमच्या उस्तादांना त्या कारखानेवाल्यांचा पत्ता माहीत असेल का?"

इक्बालनं फोन लावला. उस्तादांना माहीत होतं. मेहंदीरत्तांनी कारखाना बंद केला आणि पानिपतला मेहुण्याच्या ब्लँकेटच्या धंद्यात गेले. बस अड्ड्यामागे दुकान आहे, वर घर.

अलकाताईंना जायला तीन आठवडे लागले. जाऊन काय बोलायचं ते ठरत नव्हतं. शेवटी एका मंगळवारी सकाळच्या गाडीनं नवी दिल्ली आणि तिथून पानिपत अशा त्या गेल्या.

दुकानात ब्लँकेटचे गठ्ठे छतापर्यंत रचले होते. गल्ल्यावर मेहंदीरत्तांचा मुलगा होता. त्यानं त्यांना वर नेलं. मेहंदीरत्ता खिडकीशी उन्हात बसले होते. ऐंशीच्या घरातले, कानाला यंत्र, पण मनगटं अजून जाड. अलकाताईंनी नाव सांगितलं, ऑफिसचं नाव सांगितलं. ब्याण्णवच्या तीनशे पेट्या म्हणाल्या.

"हो, हो, तीनशे पेट्या!" म्हातारा खुशीत आला. "त्या पत्रेवाल्यानं बुडवलं मला. तपासायला एक मॅडम आल्या होत्या. मद्रासच्या होत्या, उंच. फार कडक."

"मद्रासच्या नव्हत्या," अलकाताई म्हणाल्या. "मीच होते."

त्यांनी चष्मा वर करून अलकाताईंकडे पाहिलं. अलकाताई पाठ ताठ करून बसल्या. जे काही ऐकावं लागेल ते ऐकायचं असं ठरवूनच त्या आल्या होत्या.

"अच्छा, तुम्ही होय?" ते म्हणाले. "चहा घेणार ना?" आणि सुनेला हाक मारली.

तेवढंच. राग नाही, तक्रार नाही. कारखाना तसाही चालत नव्हता, ते म्हणाले. वीज नसायची, मेहुणा दोन वर्षं बोलावत होता. पत्रेवाल्याचं नाव, गाव, त्याच्या मोटारीचा रंगसुद्धा त्यांना आठवत होता. चहा पिताना अलकाताईंच्या लक्षात आलं, की एकतीस वर्षं आपण ज्याच्याशी भांडलो, त्याला असं भांडण चालू आहे हेच ठाऊक नव्हतं. सुटका झाल्यासारखं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही. कुणीतरी निघून गेल्यासारखं वाटलं.

"आलाच आहात तर एक दाखवतो," मेहंदीरत्ता उठले. आतल्या खोलीत, शिवणाच्या मशीनशेजारी एक हिरवी पेटी होती. खणांत दोरे, बटणं, औषधं. "तुम्ही गेल्यावर बनवली. जाड पत्र्याची. पुन्हा दाखवायची म्हणून. मग राहून गेलं." ते थोडे लाजले. "बघा ना आता."

सुनेनं खण रिकामे केले. अलकाताई सतरंजीवर बसल्या. कोपरे पाहिले, सांधे पाहिले, तळ दाबला. चुंबक सगळीकडे घट्ट बसलं, म्हणजे रंगाखाली पुट्टी भरून काही झाकलेलं नव्हतं. अर्धा तास गेला. घरातली माणसं कामाला लागली, एक नात दारात उभी राहून कंटाळून निघून गेली. मेहंदीरत्ता मात्र खुर्चीच्या कडेवर बसून होते.

अलकाताईंनी झाकण लावलं, कुलूप फिरवलं आणि एकेक खण ओढून पाहिला. तिसरा उघडला. त्यांनी पुन्हा कुलूप लावलं, पुन्हा ओढला. तो पुन्हा उघडला.

सांगावं की नाही, असं एक क्षण त्यांना वाटलं. मग त्या म्हणाल्या, "तळ उत्तम आहे. सांगाडा उत्तम. पण कुलपाची पट्टी तिसऱ्या खणाला पकडत नाही. दोन मिलिमीटर आखूड आहे."

मेहंदीरत्तांनी वाकून पाहिलं. मग ते इतके हसले की त्यांना खोकला आला. "एकतीस वर्षांनी आल्या आणि तरी नापास!"

"नापास नाही," अलकाताई घाईनं म्हणाल्या. "एवढं दुरुस्त केलं की पास."

"मग तसं लिहून द्या."

नातीच्या वहीचं पान फाडून घेतलं आणि त्यांनी हिंदीत लिहिलं, खाली सही, तारीख. जुन्या सवयीनं नंबरही. मेहंदीरत्तांनी कागद दोनदा वाचला आणि वरच्या खणात ठेवला. सून जेवायला थांबा म्हणाली. जेवताना म्हाताऱ्यानं विचारलं, "घरी कोण कोण असतं?"

"मी असते."

मेहंदीरत्तांनी स्वतःच्या हातानं अलकाताईंच्या ताटात आणखी एक पोळी वाढली.

परतीच्या गाडीला तास उशीर झाला. घरी आल्यावर त्यांनी पाय धुतले, खिचडी टाकली. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत रोज त्या मनातल्या मनात मेहंदीरत्तांशी काहीबाही बोलत. त्या दिवशी बोलायला काही सुचलं नाही.

नंतर त्या पानिपतला गेल्या नाहीत. मेहंदीरत्तांच्या मुलानं दिवाळीला मिठाईचं चित्र फोनवर पाठवलं, त्यांनी हात जोडलेलं चित्र परत पाठवलं. इक्बालनं मात्र ओळखीच्या चार मेकॅनिकांना त्यांचं नाव सांगितलं. महिन्यातून एखादा फोन येतो, "मॅडम, एक पेटी बघायची होती." त्या लगेच होकार देतात, वेळेच्या आधी पोचतात. जुनी असेल तर आधी चुंबक, नवी असेल तर आधी कोपऱ्याला रेटा. झीज कुठल्या खणावर जास्त आहे ते पाहून, आधीचा मालक डावखुरा होता हेसुद्धा सांगतात. लोक थक्क होऊन ऐकतात. अलकाताई जरा जास्तच सविस्तर सांगतात, रंगाबद्दल, बिजागऱ्यांबद्दल, विचारलेलं नसतं तेही. मग पेटी टेम्पोत चढते, लोक आभार मानतात, आणि त्या स्कूटरला किक मारतात.