पडद्यामागचा पत्रा

आमच्या ह्यांना कारखान्यात तोंडावर साहेब म्हणत आणि पाठीमागे कातरी. कुठल्याही वस्तूत काय काय नसलं तरी चालेल ते शोधायचं, हे ह्यांचं काम. कंपनी स्वस्तातले ई-बुक रीडर बनवते. ज्यांना पुस्तकं विकत घ्यायला पैसा नाही आणि ठेवायला जागा नाही अशांसाठी, असं निदान भिंतीवरच्या पाटीवर तरी लिहिलेलं. मी त्याच इमारतीत तळमजल्यावर, तक्रारींच्या काउंटरवर आणखी एकीबरोबर बसायचे. वरच्या मजल्यावर नवरा कापायचा, खालच्या मजल्यावर बायको बोलणी खायची. आमचा संसार असा वाटून घेतलेला होता.

घरीही तीच तऱ्हा. ह्यांनी आणलेली छत्री पहिल्याच वाऱ्यात उलटी व्हायची. बादली उचलावी तर कडी हातात यायची आणि बादली जागेवर. घेताना चार पैसे वाचले म्हणून हे खूश, आणि ती मोडली की त्याहून खूश, कारण पुन्हा वाचवायची संधी आली. सासूबाई कौतुकाने सांगायच्या, "लहानपणी हा पेन्सिलीला टोक करायचा नाही, झिजेल म्हणून." मला त्यात कौतुक करण्यासारखं कधी काही दिसलं नाही.

ह्यांना अक्कल कमी होती असं मात्र मी म्हणणार नाही. ती होती, पण मालकांसमोर गेली की मान खाली घालायची. पहिला रीडर ठरत होता तेव्हा ह्यांनी स्वच्छ सांगितलं होतं, की स्पीकर काढून टाकू, वाचायला तो लागत नाही. खोका साधा करू. पडद्याला आणि बॅटरीला मात्र हात लावायला नको. घरी येऊन हे मला सांगितलं तेव्हा त्या संध्याकाळी मला नवरा बरा वाटला होता.

मालकांनी ऐकलं नाही. मालक म्हणजे थोरल्या मालकांचे चिरंजीव. वडिलांनी त्यांच्या हाती कारखाना दिला, बाकीचं द्यायचं राहून गेलं. चिरंजिवांना खोका हवा होता जाड पुठ्ठ्याचा, आत मखमली अस्तर, लोहचुंबकाने खटकन मिटणारा. "खोका उघडताना माणसाला श्रीमंत वाटलं पाहिजे," ते म्हणाले. खोका उघडून झाल्यावर काय वाटावं, याचा विचार करायला त्यांना सवड नव्हती.

किंमत वाढवायची नाही, खोका सोडायचा नाही, मग कापायचं कुठे? पडद्याच्या मागे एक पातळ पत्रा असतो. पडदा नाजूक. पिशवीत त्याला चाव्या टेकल्या, डबा टेकला, तर तो दाब हा पत्रा अंगावर घेतो. बाहेरून तो कुणाला दिसत नाही. ह्यांनी तो काढला आणि कागदावर सही केली. रात्री जेवताना मला म्हणाले, "टेबलावर ठेवून वाचलं तर काही होत नाही."

"लोक टेबलावर ठेवून वाचतात?"

"वाचावं," हे म्हणाले आणि भाजी मागितली.

रीडर हातोहात खपले. मालकांनी सगळ्यांना चहा पाजला आणि चहाहून लांब भाषण पाजलं. महिना उलटतो न उलटतो तोच माझ्या काउंटरपुढे रांग लागायला लागली. प्रत्येकाचं दुखणं एकच. अर्ध्या पडद्यावर पुस्तक आणि उरलेल्या अर्ध्यावर रेघांचं जाळं. वरून मला छापील उत्तर आलं होतं, 'पडद्यावर बाहेरून दाब आल्याने वॉरंटी लागू नाही.' मी ते वाचून दाखवायचे आणि माणसं माझ्याकडे अशी बघायची, जणू मीच त्यांच्या पिशवीवर बसले होते.

आजारी आईजवळ दवाखान्यात बसून वाचणारी एक बाई आली होती. आवाज न चढवता ती म्हणाली, "महाग परवडत नाही म्हणून मी स्वस्त घेतला. मोडका परवडतो असं तुम्हाला कुणी सांगितलं?"

मी ते वाक्य जसंच्या तसं घरी आणून ह्यांच्यासमोर ठेवलं. ह्यांनी घास संपवला, पाणी प्यायलं आणि म्हणाले, "कव्हर विकू या."

आणि खरंच कव्हर निघालं. जाडसर, आत पत्रा घातलेलं. पत्रा कुठला? तोच, काढलेला, गोदामात पडून असलेला. आता तो वेगळी किंमत मोजून घ्यायचा. मालकांनी ह्यांची पाठ थोपटली. पाठीचा तेवढाच उपयोग उरला होता.

"आधी माणसाला उघडं करायचं आणि मग त्याला लंगोटी विकायची, हा कुठला धंदा?" मी म्हटलं.

"निवड ग्राहकाची आहे." हे वाक्य मालकांचं होतं, उसनं आणलेलं, आणि ह्यांच्या तोंडात ते बसतही नव्हतं.

"त्या रीडरवर तुम्ही आजवर एक तरी पुस्तक वाचलंय?"

"बनवणाऱ्याने वाचलंच पाहिजे असं कुठे आहे?"

"स्वयंपाक करणारा निदान चाखून बघतो."

हे दोन दिवस फुगून बसले. मग माझं तोंड बंद करायला म्हणून एक रीडर घरी आणला आणि त्यावर एक खुनाची कादंबरी सुरू केली. पहिली काही पानं कडू औषधासारखी वाचली. पुढे कधी गोडी लागली ते त्यांनाही कळलं नाही. जेवताना वाचन, बसमध्ये वाचन. एकदा तर उतरायचा थांबा मागे गेला आणि हे उलट चालत घरी आले. कव्हर अर्थातच घेतलं नव्हतं. फुकटचा खर्च कोण करणार?

व्हायचं ते झालं. खुनी कोण ते आता कळणार अशा ठिकाणी गोष्ट आली होती. सकाळी ऑफिसात पोचून पिशवीतून रीडर काढला, तर शेजारच्या डब्याने आपलं काम चोख केलेलं. हे तडक दुरुस्तीवाल्याकडे गेले. तो म्हणाला, "साहेब, तक्रार नोंदवल्याशिवाय मला हात लावता येत नाही. तुमचाच नियम आहे." तेव्हा हे खाली आले आणि एका बसचालकाच्या पुढे थोडी जागा होती तिथे रांगेत शिरू लागले. त्याने ह्यांना खांद्याला धरून मागे उभं केलं.

बऱ्याच वेळाने ह्यांचा नंबर आला.

"हा बघ," हे हळू आवाजात म्हणाले.

"पडद्यावर दाब आलाय, साहेब. कव्हर घेतलं होतं?"

"अगं, नुसता डब्याशेजारी ठेवला होता."

"कव्हर घेतलं होतं का?"

"नाही."

"मग वॉरंटीत बसत नाही."

ह्यांचा आवाज एकदम चढला. "वापरायची वस्तू आहे ना? पिशवीत नाही ठेवायची तर डोक्यावर ठेवायची का?"

आपलं काम आटोपून दाराशी थांबलेला बसचालक म्हणाला, "भाऊ, आम्ही तरी दुसरं काय बोलतोय?"

ह्यांनी मागे वळून रांगेकडे पाहिलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच पाहिलं असावं. मला हसू यायला हवं होतं, पण ह्यांचा चेहरा असा उतरला होता की ते आलं नाही.

तसेच हे वर मालकांच्या खोलीत गेले. तिथे काय झालं ते मला मालकांच्या टायपिस्टने सांगितलं. हे म्हणाले, खोका साधा करा, स्पीकर काढा, पत्रा परत घाला, किंमत आहे तीच राहील.

"पत्रा दिसतो कुणाला?" मालकांनी विचारलं.

"नसला की दिसतो."

"काढल्याची सही तुमची आहे."

"माझीच आहे. म्हणून तर मी आलोय."

मालकांनी ह्यांना बाहेर जायला सांगितलं. त्यांनी ऐकलं तेव्हा, जेव्हा एका मोठ्या वाचनालयाने घेतलेले सगळे रीडर एका गाडीत भरून परत पाठवले. मग मात्र पत्रा तातडीने परत आला आणि जाहिरातही आली, 'आता पोलादी पाठीसह', वर मालकांचा हसरा फोटो. चोराने चोरलेला तांब्या परत आणून ठेवावा आणि आहेर केल्याची ऐट मिरवावी, तसा प्रकार. ज्यांचे आधीच मोडले होते त्यांना रीडर बदलून द्या म्हणून हे भांडले. मालकांनी त्यांना कव्हरवर सूट दिली.

तक्रारी आटल्या, तशी काउंटरवरची माणसंही आटवायचं ठरलं. एके संध्याकाळी हे बूट न काढता दारातच उभे राहिले.

"खाली आता दोघींचं काम उरलेलं नाही, असं मालक म्हणाले."

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

"खरंच उरलेलं नाही," हे म्हणाले. "पण तुला काढल्याची सही मी केली नाही. त्यांना करायला लावली."

मी ह्यांना पायरीवरून आत घेतलं. खोटं बोलले असते तर घेतलं नसतं.

मला पुढे एका चष्म्याच्या दुकानात काम मिळालं. पहिल्या दिवसाआधी हे मला पिशवी घ्यायला बाजारात घेऊन गेले. दुकानात ह्यांनी पिशवी उलटी केली, अस्तर ओढून पाहिलं, शिवणीत नख घालून पाहिलं, बंद धरून दोन्ही हातांनी हिसका दिला. दुकानदार हैराण झाला. तीन पिशव्या अशा नापास करून ह्यांनी चौथी पसंत केली, आणि मग तिच्या किमतीवर अशी काही घासाघीस केली की मी शरमेने बाहेर जाऊन उभी राहिले.