उंदरांनी खाल्लेलं लुगडं

"तुझा चौकऱ्यांचा लुगरा कुठं गो? आजपन नाय नेसलीस?"

"उंदरांनी खाल्ला. किती वेला सांगू?"

मानपाड्याच्या घरी लांबच्या चुलतभावाची हळद होती. मांडवातल्या बायका हसल्या, साध्या साडीत बसलेली माझी आत्याही हसली. मी तिच्या मागे पाण्याचे ग्लास भरत होते. तोंडावर खरं बोलते म्हणून गावभर बदनाम असलेली ही बाई बारा वर्षं हे एकच खोटं बोलते आहे, आणि तेही माझ्यासाठी.

आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. सगळे तिला टेलरआत्या म्हणतात. गावातल्या तिच्या घराच्या ओटीवर तिचं मशीन असायचं. ब्लाउज टाकायला आलेल्या नवरीलाही ती सोडायची नाही. "पोट आत घेऊन माप देऊ नको. लग्नानंतर श्वास घ्यायचा हाय ना?" नवरी रुसायची, पण ब्लाउज मात्र अंगावर बसायचा.

आमच्या इंग्रजी शाळेचा स्कर्ट चौकड्यांचा होता, चुण्यांचा. दुकानातल्या स्कर्टवर प्रत्येक चुणीपाशी चौकट मोडायची. आत्याने शिवलेल्या स्कर्टवर चुण्या आहेत हे मी चालायला लागल्यावरच कळायचं. उभी असताना चौकटी सलग दिसायच्या. त्यासाठी ती तीन-तीनदा उसवायची. म्हणायची, "रेघ तुटली का नजर ठेचकालते."

शाळेत मी कमी बोलायचे. घरी सगळे आगरी बोलत, आणि एखादा शब्द चुकून तोंडातून निघेल याची मला भीती असायची.

आठवीत स्नेहसंमेलनाला आमच्या वर्गाचा स्कॉटिश नाच होता. बाईंनी चित्र दिलं: पांढरा फ्रॉक, खांद्यावरून मागे सोडलेला चौकड्यांचा पट्टा, खांद्याशी पिन. तिथे घराण्याघराण्याची चौकट वेगळी असते, आणि पूर्वी बायका असंच मोठं वस्त्र अंगाभोवती घेऊन कमरेला पट्टा बांधत, असं बाई म्हणाल्या होत्या. मी ते आत्याला सांगितलं.

"म्हंजे लुगराच की! थंडीतला," ती म्हणाली.

शाळेने सुचवलेलं कापड तिने बोटांत चुरगळून पाहिलं. "यो खांद्यावर ऱ्हानार नाय. घसरंल." मग आत जाऊन तिने ट्रंकेतून तिचं लाल-हिरव्या चौकड्यांचं सुती लुगडं आणलं. तिच्या हळदीत नेसलेलं. घरातल्या प्रत्येक हळदीला ती तेच नेसायची. मी नको म्हणायच्या आत तिने कात्री चालवली. पट्टा निघाला; उरलेलं नेसायला पुरेना.

कार्यक्रमाच्या दिवशी पिन नीट बसवायला ती शाळेत आली. मुली माझ्याभोवती जमल्या. बाकीच्यांचे पट्टे घसरत होते, माझा चापून बसला होता. बाईंनी कापड हातात घेऊन इंग्रजीत विचारलं, कुठून आणलंस? आत्या माझ्या खांद्याशीच होती, दातांत पिन धरून. मी म्हणाले, माझ्या अंकलनी स्कॉटलंडहून पाठवलं.

आत्याला इंग्रजी येत नाही. पण 'अंकल' आणि 'स्कॉटलंड' कुणालाही कळतं. तिने दातांतली पिन काढली, माझ्या खांद्याला लावली आणि चौकटी जुळल्या का ते मान तिरकी करून पाहिलं.

रिक्षात ती एवढंच म्हणाली, "यो कंचा गो काका तुझा? मना तर भाव एकच, तुझा बापूस." मग तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "बोल्लीस तर बोल्लीस. आता तुझा शब्द माझ्याकरून नाय मोरनार."

वर्गातल्या दोन मुली आमच्याच बिल्डिंगमध्ये राहायच्या, त्यांच्या आया आमच्या कार्याला यायच्या; त्यांनी खरं ऐकलं असतं तर ते शाळेत पोचलं असतं. म्हणून पुढच्या हळदीला लुगड्याची चौकशी झाली, तेव्हा आत्याने उंदीर काढले. त्याची गंमत झाली. "टेलरआत्या, औंदा उंदरांनी काय खाल्ला?" मुली बिल्डिंग सोडून गेल्या, माझं कॉलेज संपलं, नोकरी लागली. उंदीर राहिले. प्रत्येक हळदीत मला वाटायचं, आज सांगू. मग मी ग्लास भरायला घ्यायचे.

यंदा मोतीबिंदूमुळे तिने मशीन बंद केलं. आणि मानपाड्याच्या त्या मांडवात, उंदरांचं ऐकून, नवरीकडची एक बाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "सोताचा हळदीचा लुगरा जपता नाय आला, आन लोकांची कापरा शिवाला बसलेली!"

या वेळी आत्या हसली नाही. मांडीवरच्या साडीची कड ती बोटांनी चाचपत राहिली. उत्तर तिच्याकडे होतं, पण ती देणार नव्हती.

मी तिच्यापुढे येऊन उभी राहिले. "जेव जा गो तू," आत्या घाईने म्हणाली.

"उंदीर नव्हते," मी म्हणाले. आवाज फार लहान निघाला, म्हणून पुन्हा म्हणाले. "उंदीर कधीच नव्हते. आत्याने ते लुगडं माझ्या नाचासाठी कापलं. आणि ते हिचं आहे हे सांगायची मला लाज वाटली."