नवे टायर पुढं की मागं?

वारूळवाडीच्या आमच्या टायरवाल्याला गिऱ्हाइकाशी वाद घालणं जमतच नाही. दोनच नवे टायर घेतले, तर ते पुढं टाकायचे की मागं, असं कुणी विचारलं की हा उलट विचारतो, "तुमाला काय वाटतं?" मी पुढं म्हणालो. "बराबर हाय, राव." माझ्यानंतरचा मागं म्हणाला. तेही बराबर!

परवा त्याच्या मुलीचं लग्न झालं. नवरदेवाच्या गाडीला हार-फुलं, आणि फोटोत दिसावेत म्हणून नवे टायर पुढं. पाठवणीला सगळे डोळे पुसत होते, तेव्हा हा फेट्यासकट जॅक घेऊन गाडीशी वाकला.

व्याही ओरडले, "अवो, काय चाललंय?"

"नवं टायर मागंच पायजेत. पावसात मागची चाकं घसरली की गाडी गर्रकन फिरती." इतकं ठाम बोलताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं. पुढची चाकं मागं, मागची पुढं करूनच तो उठला.

मी हळूच विचारलं, "मग माझे?"

त्यानं फेटा सावरला. "तुमचं पुढंच बराबर हाय, राव."