किन्हीराजाच्या थांब्यावर लागलेला हात

एकाहत्तरच्या लढाईत सुरुंगाने माझे दोन्ही पाय नेले. गावी परतल्यावर विहारात वंदनेला बसायचो, पण शरण जातो म्हणताना मन मुळीच वाकत नसे. माझा ताठा तेवढा शाबूत होता. कोणी उचलायला आलं की मी खेकसायचो.

लष्करी दवाखान्यातल्या साहेबांनी आम्हाला हॉकीचं वेड लावलं होतं. परदेशात पाय नसलेली माणसं बर्फावर घसरगाडीत बसून खेळतात म्हणे. आमच्याकडे बर्फ कुठला! बेअरिंग लावलेल्या फळ्यांवर बसून, दोन्ही हातांत आखूड काठ्या घेऊन आम्ही सिमेंटवर खेळायचो. तेवढ्यापुरता मी माणसात यायचो. संघाच्या निवडचाचणीचं पत्र आलं, तेव्हा दुसऱ्या दिवशी पुण्यात हजर व्हायचं होतं.

सकाळच्या एसटीची पायरी उंच होती. कंडक्टर वाकला, मी त्याचा हात झटकला आणि गाडी निघून गेली. पुण्याची गाडी मालेगावहून सुटायची; तिथे नेणारी दुपारची गाडीही चुकली, तर सगळंच संपणार होतं. थांब्यावर मी स्वतःलाच शिव्या देत बसलो.

शेजारी एक म्हातारी माळीण विसावली होती. भरलं टोपलं एकट्याने डोक्यावर जात नाही, म्हणून आमच्याकडे बायका वाटेवरच्या कोणालाही हात लावायला सांगतात. पाय गेल्यापासून मला कोणी सांगितलं नव्हतं.

"दादा, हात लाव ना जरा."

"बाई, आमी बौद्ध आहो."

"मंग? हात नाहीत काय तुले?"

ती माझ्यापुढे उकिडवी बसली. मी मेथी-वांग्यांचं टोपलं उचलून तिच्या डोक्यावर दिलं. ती सावकाश उठली, तोच गाडी आली. माझं तोंड पाहून म्हणाली, "मले तुया हात लागला, मंग तुले दुसऱ्याचा लागला त काय बिगडते?" आणि ओरडली, "याले हात लावा रे!"

मी दोन्ही हात वर केले. गाडीत बसल्यावर रडू आवरेना. त्रिसरण आपोआप ओठांवर आलं.

निवड झाली. पुढे अनेक वर्षं खेळलो, दरवेळी कोणीतरी मला फळीवर बसवलं. त्या बाईला मालेगावच्या बाजारात पुष्कळ शोधलं. कोणाला ठाऊक नव्हती. ती कोण होती, याचा मी आता काथ्याकूट करत नाही; तिचे उपकार मानतो.

त्या निवडीनंतर पुण्याहून परतलो, तेव्हा माय दारात उभी होती. दवाखान्यातून आल्यापासून मी तिला जवळ येऊ दिलं नव्हतं.

"माय," मी म्हणालो, "मले आत घेऊन चाल."